कोकणातल्या घरासाठी वापरलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टर घ्यावी का? देखभाल झेपते का?

प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. तुम्ही पुण्यात राहता, घर गुहागर तालुक्यात, माणसं पाच आणि सामान फार, वापरलेली डिझेल डस्टर एडब्ल्यूडी (म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह, चारही चाकांना ताकद पोचवणारी) बघून ठेवली आहे, इथपर्यंत ठीक. पण पुढे लिहिलंय, "कोकणात काय बर्फ पडतो का? फोर बाय फोर म्हणजे नुसते चोचलेच ना?" हे वाक्य माझ्या मेव्हण्यांचं आहे. शब्दन् शब्द. गेली काही वर्षं प्रत्येक गणपतीत मी ते ऐकतो.

माझ्याकडे २०१६ ची आहे, २०१९ मध्ये पुण्यातूनच वापरलेली घेतली. मला खरं तर स्टेशन वॅगन हवी होती. लांब, बुटकी, मागे पोती मावतील अशी. पण आपल्याकडे इस्टेट (स्टेशन वॅगनचंच दुसरं नाव) म्हटलं की लोकांना जमीनजुमला आठवतो. टाटांची इस्टेट १९९२ ला आली आणि काही वर्षांत गेलीही. परवडणारी, चारही चाकं ओढणारी वॅगन मिळेना, म्हणून ही.

आता चढाबद्दल सांगतो, कारण सगळं भांडण त्या चढाचं आहे. वेळणेश्वरच्या अलीकडे आमची वाडी. डांबर संपलं की घराच्या खळ्यापर्यंत दीडशेएक फूट जांभ्याची चढण, मधोमध काटकोनात वळण. मे महिन्यात कुठलीही गाडी चढते. श्रावणात त्याच जांभ्यावर शेवाळ धरतं, वर आंब्याचा कुजका पाला, आणि मग माणूससुद्धा चपला हातात घेऊन चढतो.

२०२२ च्या हरितालिकेला, म्हणजे ३० ऑगस्टला, गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची होती. मूर्ती माझ्या गाडीत, बहिणीच्या मांडीवर, रुमालाने झाकलेली. मागून मेव्हणे त्यांची वॅगन-आर घेऊन. पाऊस असा की वायपर दुसऱ्या नंबरवरही अपुरा. मी चढाच्या पायथ्याशी थांबलो, नॉब लॉकवर (मागची चाकं पुढच्यांना जोडून ठेवणाऱ्या खुणेवर) फिरवला आणि काच खाली करून म्हणालो, "भावोजी, तुमची गाडी राहू दे खालीच, या बसा."

वळणावर गाडी थांबली. चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खाली घेतली, पुन्हा जोर केला. चार वेळा. शेजारच्या पोरांनी चाकांखाली नारळाची सोडणं टाकली, ती गाडीने मागे भिरकावली. पाचव्या वेळी डॅशबोर्डवर दिवा लागला. कपलिंग, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणारा भाग, तापलं होतं. तापलं की ही यंत्रणा स्वतःला वाचवायला मागची चाकं सोडून देते आणि थंड होईपर्यंत तुमची गाडी साधी पुढच्या चाकांची. कारण मला तेव्हाच माहीत होतं, पण बोललो नाही. जूनमध्ये चिपळूणला मी फक्त पुढचे दोन टायर नवे टाकले होते. "मागचे अजून एक सीझन काढतील," दुकानदार म्हणाला, आणि सोळा-सतरा हजार वाचतायत म्हणून मला ते पटलं. मागचे तळहातासारखे गुळगुळीत झाले होते. चारही चाकांना ताकद पोचवणं गाडीचं काम, पण जमीन धरायला टायरच लागतो.

तेवढ्यात मेव्हणे छत्री घेऊन आले, म्हणाले, "शालकबुवा, बाप्पांना माझ्याकडे द्या." मूर्ती वॅगन-आरमध्ये गेली. त्यांनी गाडी वळवली आणि अख्खा चढ रिव्हर्समध्ये, एका दमात, चढून गेले. युक्ती जुनी आहे: चढावर वजन खालच्या चाकांवर येतं, गाडी उलटी घेतली की ओढणारी पुढची चाकं खालच्या बाजूला येतात आणि धरतात. मीही तसं करू शकलो असतो, पुढचे टायर तर कोरे होते. सुचलं नाही. सुचलं तेव्हा लाज आड आली.

बर्फाचं ते वाक्य त्या संध्याकाळी पंगतीत पहिल्यांदा आलं.

तेव्हा तुमचा प्रश्न, देखभाल. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन नंतर ऐका, आधी खाली वाका आणि चारही टायर बघा. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे (२१५/६५ आर १६), सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने दिसले तर मालकाने पैसे वाचवलेत, आणि कपलिंगने ते भरलेत असं समजा. घेतल्यावर चारही एकदम बदलायचे, मधल्या काळात पुढचे-मागचे आलटून पालटून. हा खर्च झेपत नसेल तर साधी पुढच्या चाकांची डस्टर घ्या, माझं काही म्हणणं नाही. ट्रायलला मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, मागून कटकट ऐकू आली तर परत फिरा. मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) ऑइल कधी बदललं ते विचारा. बहुतेकांना तिथे ऑइल असतं हेच ठाऊक नसतं. त्या गणपतीनंतर मी कोल्हापूरला बदलून घेतलं तेव्हा काळंकुट्ट निघालं. इंजिन दीड लिटरचं, चिवट आहे, पण टायमिंग बेल्ट रबरी आहे, त्याची पावती नसेल तर बदलायचाच असं धरून भाव करा. डिझेल डस्टर २०२० मध्ये बीएस-सहा हे धुराचे नवे नियम येताना बंद झाली. इंजिनाचे पार्ट मिळतात, एडब्ल्यूडीचे खास पार्ट मागवावे लागतात आणि वाट बघावी लागते.

बाकीचं कोकणाचं. खारा वारा तळ खातो. आगोटीच्या आधी तळाला कोटिंग आणि पावसानंतर गोड्या पाण्याने खालून धुणं, हे मी चुकवत नाही. दारांच्या खालच्या भोकांत जांभ्याची माती बसते, ती काडीने काढा, नाहीतर पाणी आतच राहतं. पावसात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, मागचे ड्रम ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला धोंडा लावा. उंदरांवर उपाय सापडला तर मला कळवा, माझी दोनदा वायरिंग झाली. आणि बंद पडलीच तर दोन चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नका, अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, फ्लॅटबेडच मागवा.

चोचले आहेत का? तुमचं घर डांबराला लागून असेल तर होय, चोचलेच. मुंबई-गोवा हायवेला, कुंभार्ली घाटाला चार चाकं फिरवायची गरज नाही, तिथे २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स जास्त उपयोगी पडतो. ब्रेक लावताना या यंत्रणेचा काही फायदा नाही, उतारावर शेवाळ असेल तर माझी गाडीही वॅगन-आरइतकीच घसरते. आणि लो-रेंज (कठीण चढासाठीचे जास्त जोराचे वेगळे गिअर) नाही, फक्त पहिला गिअर मुद्दाम छोटा आहे, तेव्हा ही थार समजू नका. किनाऱ्यावर तर न्यायचीच नाही. दरवर्षी कोणाची तरी भरतीत रुतते, मग ट्रॅक्टर, मग व्हिडिओ, मग पोलीस.

पण घर अशा चढावर असेल आणि वर म्हातारं माणूस असेल, तर घ्या. चार सारखे टायर टाकल्यापासून दर श्रावणात मी तो चढ सरळ, तोंड वर करून चढलोय, मागे तांदळाची पोती असताना. तेव्हा खळ्यात बघायला कोणी नव्हतं, एवढीच चूक.

मेव्हणे हे वाचतातच, म्हणून त्यांनाही: भावोजी, त्या दिवशी मागचे टायर जुने होते, एवढीच गोष्ट. आणि आत्या आजही विचारते की आपल्या घरी त्या वर्षी बाप्पा पाठमोरे कोणी आणले.