अर्थ कळतोय ना, मग झालं?

प्रश्न: घराच्या वास्तुशांतीची पत्रिका छापायला दिलीय, प्रूफमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका दिसल्या. मी दुरुस्त करूया म्हटलं तर सगळे म्हणतात अर्थ कळतोय ना, कशाला कीस पाडतेस. बाबा गवंडी, आयुष्यभर ओळंबा लावून काम केलं, तेही हेच म्हणाले! मी उगाच हट्ट करतेय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात नाही ताई. बाबांनाच विचारा, भिंत गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसली तर काय होतं. भिंत पडत नाही, प्लास्टरखाली झाकूनही जाते, पण फरशी बसवायला घेतली की कोपऱ्यात फट वाढत जाते आणि मग फरशीवाला बिचारा एकेक तुकडा तिरका कापत बसतो. लिहिण्यातही आपण टाळलेली मेहनत वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते. 'शिक्षक दीन' लिहिलं तरी कळतं, पण दीन म्हणजे गरीब बापुडा, वाचणारा तिथे अडखळतोच.

नियमांची कटकट वाटते ना, मोठ्याने म्हणून बघा. फूल म्हणताना फू लांबतो, फुलाला म्हणताना तोच आपोआप आखूड होतो, गरीब-गरिबाला, वकील-वकिलाने, तसंच. मराठी शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये जोडलेले ४, अशा १८ नियमांतलं बरंचसं असं कानाला पटणारं आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र कोशात बघावेच लागतात, त्याला इलाज नाही.

आणि भाषा नि कारागिरी हे नातं आपल्याकडे जुनंच आहे हो. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, पण त्याआधी टाइप, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतायचा कारखाना, आणि त्याच्याही आधी पोरवयात मिशनच्या छापखान्यात टाइप घासायचं काम! निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ अभ्यासक आजही भरवशाने उघडतात, त्यात टाइप जुळवणाऱ्याचा आणि प्रुफं तपासणाऱ्या शास्त्र्यांचा, दोघांचाही हात आहे असं मला मनापासून वाटतं.

फक्त हे सगळं लेखी कामापुरतं. आजी 'पानी' म्हणत असतील तर ती त्यांची बोली, तिथे टोकायचं नाही म्हणजे नाही.

पत्रिकेचं म्हणाल तर वाद घालू नका, प्रूफवर लाल पेनाने दुरुस्त्या करा आणि प्रेसवाल्याकडून दुसरं प्रूफ मागाच, कारण एक चूक काढताना शेजारी नवी शिरते. नावं, तारीख, पत्ता मात्र दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, आपलंच लिहिलेलं आपल्या डोळ्यांना बरोबरच दिसतं.