अपग्रेड करताना पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट फेल होते, काय करू?

निपाणीच्या दुकानातल्या उबुंटूवर अपग्रेड अर्धवट थांबून 'एक्झिट स्टेटस 1' येतंय म्हणतोयस न्हवं, तर त्या 1 वरून काही कळत नाही रे, त्याच्या वरच्या ओळी वाच, कारण तिथंच असतंय. बहुतेक वेळा ही स्क्रिप्ट (पॅकेज बसल्यावर त्याची सेटिंग करणारी) सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, चालू करायला जाते आणि सर्व्हिसच उठत नाही, मग जर्नलसीटीएल (सर्व्हिसचे लॉग दाखवणारी कमांड) बघ. कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) पॅकेज असेल तर बूट पार्टिशन भरलंय का बघ. तरी कळेना तर /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मधली त्या पॅकेजची पोस्टइन्स्ट फाईल उघड, पहिल्या ओळीखाली सेट -एक्स टाक (यानं चालणारी प्रत्येक कमांड स्क्रीनवर दिसते) आणि अर्धवट राहिलेली पॅकेजं परत सेट करायला सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालव, कुठं अडकतंय ते दिसतंय. काही लोकं ती फाईलच डिलीट कर म्हणतात, तसलं अजिबात करू नकोस, पॅकेज बसल्यागत दिसतंय खरं सेटिंग अर्धीच राहते.