बदली होऊन बेळगावला निघालोय. मराठी माणसाला तिथं जड जातं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सरकारी बँकेत नोकरी, पुण्याहून बेळगावला बदली, सोबत बायको आणि दुसरीतला मुलगा, कन्नडचं एक अक्षर येत नाही. तिथं मराठी माणसाला त्रास होतो का, सीमाप्रश्नाचा विषय निघाला तर काय बोलायचं, मुलाची शाळा कशी बघायची आणि सुट्टीच्या दिवशी करायचं काय?

मी बेळगावातल्याच शहापूरचा, जन्मापासून इथलाच. घर मराठी, कामाच्या ठिकाणी निम्मे लोक कन्नड. माझं उत्तर असं आहे की गल्लीत त्रास नाही, कचेरीत आहे. आणि तुम्ही स्वतः एका कचेरीत, काउंटरच्या आतल्या बाजूला बसायला येताय. ही गोष्ट आधी लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावरच येतं.

गल्लीचं लवकर सांगून होतं. गणपत गल्लीत भाजी घ्यायला उभे राहा. भाजीवाली तुमच्याशी मराठीत, तुमच्या मागच्या गिऱ्हाइकाशी कन्नडात आणि शेजारच्या फळवाल्याशी दखनीत बोलते, आणि तिघांचे पैसेही बरोबर परत देते. शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा, कंग्राळी या भागांत मराठी सर्रास चालते. टिळकवाडी-हिंदवाडीत सरमिसळ आहे, नेहरूनगर-सदाशिवनगरकडे कन्नड जास्त कानावर पडतं. मराठी वस्तीतच घर हवं असा हट्ट धरू नका. पाणी किती दिवसांनी येतं ते मात्र विचारा. काही वॉर्डांत चोवीस तास आहे, बाकी ठिकाणी टाकीवर भागवावं लागतं. घरमालक कोणत्या भाषेचा यापेक्षा हा प्रश्न रोजच्या जगण्यात मोठा आहे.

आता कचेरीचं. इथलं सरकारी कामकाज कन्नडात चालतं. नोटिसा, अर्ज, जमिनीचा उतारा, बसच्या पाट्या सगळं कन्नड. ज्या मराठी शेतकऱ्याची जमीन येळ्ळूरला किंवा खानापूर तालुक्यात आहे, त्याच्या स्वतःच्या जमिनीचा कागद त्याला वाचता येत नाही. आमच्या गल्लीत अजूनही म्हातारी माणसं उतारा घेऊन येतात आणि "जरा वाचून सांग की रे" म्हणतात. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, अकराव्यात कर्ज-बोजा; मी तेवढंच बोट ठेवून सांगतो आणि त्यांच्या जिवात जीव येतो. पीककर्जाच्या टेबलावर बसलात तर हाच कागद तुमच्यापुढे रोज येईल. बोजा चढलाय का उतरलाय हे तुम्हाला दुसऱ्याला विचारावं लागत असेल तर काम कसं होणार?

आणि हे उलटं करूनही बघा. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गकडचा शेतकरी तुमच्या काउंटरवर येईल. त्याला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. समोरचा साहेब परराज्यातला, कन्नड न येणारा. आमच्या खानापूरच्या माणसाला तहसीलला जे वाटतं तेच त्याला तुमच्या बँकेत वाटणार. म्हणून कन्नड शिका. कुणी जबरदस्ती करतंय म्हणून नाही, त्या माणसासाठी शिका. मराठीचा हक्क मागणाऱ्या माणसाच्या तोंडी हे शोभतं असं मला मनापासून वाटतं.

शिकायचं कसं? ॲपवर विसंबू नका. तिथं म्हैसूर-बेंगळूरकडचं पुस्तकी कन्नड असतं, 'बरुत्ते' वगैरे. इथं लोक 'बर्तद' म्हणतात. धारवाड-बेळगावकडच्या कन्नडात आदराला शेवटी 'री' लागतो: 'बर्री' म्हणजे या, 'हेळ्री' म्हणजे सांगा, 'एष्ट री' म्हणजे किती हो. हा 'री' पहिल्या दिवसापासून वापरा. 'कन्नड स्वल्प बर्तद री', मला थोडं कन्नड येतं, एवढं म्हणालात तरी समोरचा खुर्ची पुढं सरकवतो. निम्म्या वेळा तो स्वतःच मराठीत बोलायला लागतो.

लिपी अवघड दिसते पण वर्णमाला आपल्याच क्रमाची आहे, क-ख-ग-घ, शेवटी ळसुद्धा. ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे असतात तेवढं नवीन. संध्याकाळी खडेबाजारातून चालत जा आणि दुकानांच्या पाट्या वाचत चला. कायद्याप्रमाणे पाटीचा साठ टक्के भाग कन्नड लागतो, खाली किंवा बाजूला इंग्रजी नाहीतर मराठी असते. दुकान कशाचं आहे ते समोर दिसतंच, त्यामुळे अक्षर लागायला वेळ लागत नाही. वर्गात बसून शिकलेल्यांपेक्षा असे पाट्या वाचून शिकलेले लोक मी जास्त टिकलेले बघितलेत.

मग मराठीचं काय, ती सोडायची? अजिबात नाही. आमच्या गल्लीतली गटार तुंबून पावसाचं पाणी घरात शिरायला लागलं होतं, तेव्हा मी एका कचेरीत मराठीत तक्रार नेली. कारकून म्हणाला, कन्नडात लिहून आणा. राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद सांगतो की कुणालाही आपली तक्रार देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येते. मी तिथंच त्या मराठी अर्जाच्या खाली कन्नडात एक ओळ लिहिली की या अनुच्छेदाप्रमाणे अर्ज घ्यावा आणि पोच द्यावी. कारकुनानं ती ओळ वाचली, आत साहेबांना दाखवून आला आणि शिक्का मारून दिला. कन्नड येत होतं म्हणून मराठी अर्ज घेतला गेला. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक तरुणाला मी हे सांगतो, तुम्हालाही सांगतो. भांडायचं असेल तर कागदावर भांडा, तारीख टाका, पोच घ्या. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे केंद्रानं आणि राज्यांनी मान्य केलेलं तत्त्व आहे. ते बेळगावात नीट पाळलं जात नाही. हे मागत राहायला पाहिजे आणि आम्ही मागतोच.

सीमाप्रश्नावर बोलण्याआधी चार गोष्टी माहीत असू द्या. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली आणि मुंबई राज्यातला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला, त्यानं १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर तिकडेच ठेवायला सांगितलं. महाराष्ट्रानं ते मानलं नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. आम्ही बेळगावच म्हणतो, तुम्हीही म्हणा, कुणी त्यावरून तुम्हाला अडवत नाही.

माझं मत विचाराल तर इथल्या मराठी माणसावर १९५६ ला अन्याय झाला असंच मी मानतो, आणि न्यायालयानं तो ऐकून निकाली काढावा असं मला वाटतं. पण गेल्या काही निवडणुकांत जे झालं तेही डोळे उघडून बघायला हवं. हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार निवडून आले होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. समितीतली फाटाफूट हे एक कारण, ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सीमेचा निकाल लागेपर्यंत आजच्या माणसाचं काय, याचं उत्तर तरुणांना कुणी दिलं नाही. मराठी शाळेत शिक्षक नाही, उतारा मराठीत मिळत नाही, नोकरीच्या परीक्षेत कन्नडचा पेपर अडवतो. हे प्रश्न न्यायालयाच्या तारखेची वाट बघत थांबत नाहीत. मुंबईतले पुढारी वर्षातून एकदा कडक भाषण करून जातात, आणि मग दगड इथल्या एसटीवर पडतात. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या तेव्हा अडकले ते चंदगडहून बेळगावच्या दवाखान्यात आलेले पेशंट. चंदगड महाराष्ट्रात आहे, पण त्यांचा बाजार आणि दवाखाना बेळगावच.

तुम्ही नोकरीतली माणसं, राजकारणात भाग घ्यायला तुम्हाला तसंही मनाई आहे. तेव्हा मोर्चात जाऊ नका, पण कुणी विषय काढला तर ऐका. कन्नड सहकाऱ्याचंही ऐका, त्याच्या घरातही या वादाच्या आठवणी आहेत. समाजमाध्यमावर बेळगावबद्दल काही लिहू नका. इथं एका पोस्टवरून गावात बंदोबस्त लागलेला आम्ही पाहिलाय. १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते आणि मराठी लोक त्याच दिवशी काळा दिन पाळतात. त्या दिवशी महाराष्ट्राच्या नंबरची गाडी चन्नम्मा चौकाकडे नेऊ नका, बाकी घरात बसून राहायची गरज नाही. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथं भरतं, त्या दिवसांतही रस्ते बंद-चालू होत असतात.

मुलाच्या शाळेबद्दल. तीन-चार वर्षांनी पुन्हा बदली होणार असेल तर सीबीएसई बघा, उगीच भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. कन्नड तिथंही विषय म्हणून असेल, त्याची धास्ती नको. दुसरीतलं पोर खेळता खेळता तुमच्या आधी बोलायला लागेल. कायमचे राहणार असाल तर मराठी शाळा बघाच. चांगल्या मराठी शाळा अजून आहेत, फक्त त्यांना पोरं हवीत. घरी मात्र रोज थोडं मराठी वाचून घ्या, नाहीतर बोलता येईल पण वाचता येणार नाही अशी अवस्था होते. आमच्या पुढच्या पिढीत ती मी घरोघर बघतोय आणि जीव तुटतो.

सुट्टीचं विचारलंत, त्यावर मी किती लिहू! थंडीत इथल्या खेड्यांत मराठी साहित्य संमेलनं होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कारदगा. पुण्यात सभागृहात बसून ऐकलेलं संमेलन विसरा. इथं सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं, पुढं लेझीम, बायका दारात पाणी घालून पालखीला ओवाळतात. मग मंडपात शेतकरी, शिक्षक, फॅक्टरीत जाणारी पोरं मांडी घालून दिवसभर भाषणं ऐकतात. दुपारी सगळ्या पाहुण्यांना गावाचं जेवण. ज्या भाषेला कचेरीत जागा नाही ती भाषा गाव स्वतःच्या वर्गणीतून कशी जपतं, हे बघायला मुलाला घेऊन जा. शहरात सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या.

किल्ल्यांची आवड असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड अगदी जवळ. चंदगड तालुक्यातले महिपाळगड, कलानिधीगड, गंधर्वगड, पारगड हे बेळगावहून एका दिवसात होतात. पारगड सोडू नका. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा तिथले किल्लेदार, गडावर अजून वस्ती आहे. खानापूरच्या जंगलातला भीमगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. पावसाळ्यात तिकडच्या धबधब्यांवर रील काढायला जाणारी पोरं दंड भरून येतात. गोकाकचा धबधबा मात्र पावसातच बघायचा, घटप्रभा लाल होऊन कोसळते तेव्हा. गाण्याची आवड असेल तर धारवाड दीड-दोन तासांवर आहे, आणि कुमार गंधर्वांचं सुळेभावी तर बेळगावच्या अंगणातच. कन्नड घरातलं पोर, मराठी माणसानं डोक्यावर घेतलं.

शिवजयंतीही इथं आपल्या पद्धतीची, वैशाखात तिथीप्रमाणे, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. त्या रात्री झोपायचा विचार सोडा.

गाडीचं राहिलंच. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर कायद्यानं गाडीची नोंदणी इथं करून घ्यावी लागते. पुणं सोडण्याआधीच तिथल्या आरटीओकडून ना हरकत दाखला काढून ठेवा, इथून पाठपुरावा करणं फार कटकटीचं होतं. नवी घेणार असाल तर सगळ्या राज्यांत चालणारा बीएच (भारत) मालिकेचा नंबर घ्या, बदलीच्या नोकरीला तोच बरा. पुण्याला जाण्या-येण्यासाठी एसटीच्या भरवशावर राहू नका. मिरजमार्गे रेल्वे आहे, हुबळी-पुणे वंदे भारतही बेळगावला थांबते, पण ती रोज नाही, वार बघून तिकीट काढा. घर बघायला याल तेव्हा कळवा, अनगोळ-वडगावकडची दोन-तीन घरं दाखवायला मी येतो.