2 लाख 40 हजारांची बॉडी, आणि लेन्स?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 26, नाशिकला नोकरी, हातात 38 हजार, भाडं, घरी पाठवायचे, बाईकचा हप्ता, खाणंपिणं सगळं जाऊन महिन्याला 9 हजार उरतात, 1 लाखाची एफडी आहे. आजवर मोबाईलवरच फोटो काढलेत, आता 2027 च्या सिंहस्थाआधी 2 लाख 40 हजारांचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा हवाय, 24 महिन्यांच्या हप्त्यावर, आणि लग्नाच्या ऑर्डरींतून हप्ता सुटेल असं तुम्ही म्हणताय.

नाही सुटणार हो. 16 टक्के व्याज धरलं तर हप्ता 11,750 च्या आसपास, म्हणजे पहिल्याच महिन्यात पावणेतीन हजारांचा खड्डा, आणि दोन वर्षांत व्याजाचे 42 हजार वेगळे. दुकानदार नो कॉस्ट ईएमआय म्हणेल, पण त्यात व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच माथी, बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी पण, आणि रोखीत मिळाली असती ती सूट गेली. बरं ही नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. लेन्स, दोन कार्ड, जादाची बॅटरी, बॅग हे धरलंच नाहीये तुम्ही. आणि लग्नं बारा महिने नसतात, चातुर्मासात मुहूर्त जवळपास बंद, हप्ता मात्र दर 5 तारखेला कापला जाणारच. त्यात पहिल्यांदा कॅमेरा धरणाऱ्याला लग्न कोण देतं? आधी एखाद्या फोटोग्राफरकडे हाताखाली जा, ते फुकट शिक्षण आहे.

एफडीला हात लावू नका, ती आजारपण नाहीतर नोकरी गेली तर म्हणून आहे. पाच महिने 9-9 हजार बाजूला टाका, 45 हजार झाले की सेकंडहँड क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी बघा, कॅनन 1500डी किंवा निकॉन डी5600, दोन्ही 24 मेगापिक्सेल, शिकायला चिक्कार. सोबत 50 एमएम एफ 1.8 लेन्स घ्या, झूम नाही पण कमी उजेडातही चालते. फक्त डी5600 च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे बॉडीतल्या मोटरवरच चालणारी जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळते म्हणून उचललीत तर फोकस हाताने फिरवत बसाल. कॅननची ईएफ लेन्स मात्र पुढे मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतलात तरी अ‍ॅडॅप्टर लावून चालते, म्हणून मी तिकडे झुकतो. बॉडीचा भाव नवीन मॉडेल आलं की पडतो, चांगली लेन्स त्यामानाने किंमत धरून राहते.

मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात फिरून या, घ्यायलाच पाहिजे असं नाही, भाव कळतो. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च आरपार मारा, आत कोळिष्टकासारखं दिसलं तर फंगस, परत द्या. एफ 16 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, कोऱ्या आभाळाचा फोटो काढून झूम करा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा पडलंय तो आकडा, विचारा. (मी 2014 ला हौसेने नवाकोरा घेतला होता, यातलं काही न शिकता. कपाटात बॅटरी फुगून पडलाय.)

राहिला सिंहस्थ. तुम्हीच लिहिलंय की नाशिकला फुल फ्रेम दिवसाला 2 हजारांत भाड्याने मिळतो, मग तीन पर्वण्यांचे झाले 6 हजार, तुमच्या अर्ध्या हप्त्याएवढे. फक्त त्या दिवसांत रेट चढतील, सहा महिने आधी अ‍ॅडव्हान्स देऊन बुक करून ठेवा.