वाचक विचारतात: पोलंडची झोमो

मागच्या अंकात पोलंडमधल्या १९८१ च्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी राजवटीवर, लेख होता, त्यात झोमोचा, तिथल्या पोलिसांच्या दंगल मोडणाऱ्या दलाचा, उल्लेख जेमतेम दोन ओळींचा, पण पत्रं सगळी त्याच्यावरच आलीत, म्हणून या वेळचं सदर तिलाच देतेय.

प्रश्न: ताई, झोमो म्हणजे साधे पोलीसच ना? मग वेगळं दल काढायची गरज काय पडली?

साधे नव्हेत. तिकडे तेव्हा पोलिसांना मिलिशिया म्हणायचे, नागरी मिलिशिया, आणि झोमो म्हणजे तिची गाड्यांवरची राखीव फौज. चौकातला मिलिशियावाला चोऱ्या-मारामाऱ्या बघायचा, झोमोवाले बराकीत राहायचे, हुकूम आला की ट्रकमध्ये नाहीतर निसा व्हॅनमध्ये बसायचं आणि जिथे गडबड असेल त्या शहरात जाऊन उतरायचं. याचं मूळ १९५६ मध्ये आहे. त्या जूनमध्ये पोझ्नानचे कारखान्यातले कामगार भाकरी मागत रस्त्यावर आले, मिलिशियाला काही ते आवरेनात, शेवटी रणगाडे आणले आणि पन्नासच्या वर माणसं गेली. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या कम्युनिस्ट सरकारने कामगारांवरच रणगाडे घातले, याची जगभर नाचक्की झाली. मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झोमो उभी केली, म्हणजे दर वेळी लष्कराला बोलवायला नको. कागदावर पूर, आग, फुटबॉलच्या मॅचची गर्दी अशीही कामं होती आणि ती त्यांनी केलीसुद्धा, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या लाठ्याच. आणि लष्कर काही टळलं नाही, १९७० च्या डिसेंबरमध्ये ग्दान्स्क, ग्दिनिया या बंदरांच्या शहरांत सैनिकांनी कामगारांवर गोळ्या चालवल्याच.

प्रश्न: माझ्या वाचनात आलं की झोमोत बरीच पोरं सक्तीच्या भरतीतली होती. हुकमाची ताबेदार. मग त्यांना दोष कशाला द्यायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

खरंय, सैन्यातली सक्तीची नोकरी झोमोत करून फेडता यायची, त्यामुळे एकोणीस-वीस वर्षांची पुष्कळ पोरं तिथे होती. त्यांना बराकीत ठेवायचे, बाहेरच्या जगाशी संबंध कमी, रोज डोक्यात भरवायचं की समोरचे लोक गुंड आहेत, देशाचे शत्रू आहेत, आणि बंदोबस्ताला बऱ्याचदा दुसऱ्याच शहरातून तुकड्या आणायचे, म्हणजे समोर ओळखीचा चेहरा असायची शक्यताच कमी. डोक्यावर काच लावलेलं हेल्मेट, हातात ढाल आणि लांब लाठी, पुढे अश्रुधूर. गर्दी कधी ओरडायची ‘आमच्यात या’, तर कधी ‘गेस्टापो, गेस्टापो’, आणि ज्या देशाने नाझींचा ताबा सोसलाय तिथे आपल्याच पोलिसांना ही हाक मारायची म्हणजे लोकांच्या मनात काय साठलं असेल बघा.

पण सगळंच हुकमावर ढकलता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. १९७६ चा जून घ्या. पंतप्रधान यारोशेविच यांनी मांसाचे भाव सरासरी ६९ टक्के वाढवले, साखर दुप्पट, आणि दुसऱ्याच दिवशी राडोम शहरातले आणि वॉर्साजवळच्या उर्सुस कारखान्यातले कामगार बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत दरवाढ मागे घेतली सरकारने, पण पकडलेल्यांची सुटका नाही. मिलिशियावाले, झोमोवाले समोरासमोर दोन रांगा करून उभे राहायचे आणि पकडलेल्या माणसाला मधून पळायला लावायचे, दोन्हीकडून लाठ्या, पडला की उठवून परत. याला ते ‘आरोग्याची वाट’ म्हणायचे. इथे कसला दंगा आवरायचा होता, माणूस तर आधीच ताब्यात होता. त्या कामगारांना वकील, पैसे, औषधं मिळावीत म्हणून त्याच सप्टेंबरमध्ये काही विचारवंतांनी कामगार संरक्षण समिती काढली, तिथूनच सॉलिडॅरिटीकडे, म्हणजे सरकारच्या ताब्यात नसलेल्या कामगार संघटनेकडे, जायचा रस्ता निघाला.

आणि वुयेक खाणीवर गोळ्या घातल्या ती तर सक्तीची पोरं नव्हतीच. १३ डिसेंबर १९८१ ला तेव्हा देशाची सत्ता हाती असलेल्या जनरल यारुझेल्स्कींनी मार्शल लॉ लावला, त्याच रात्री कातोवित्सेच्या या कोळसा खाणीतल्या सॉलिडॅरिटीच्या अध्यक्षाला उचललं, खाणकामगार संपावर गेले. १६ तारखेला रणगाड्याने कुंपणाची भिंत फोडली, थंडीत पाण्याचे फवारे मारले, अश्रुधूर सोडला, कामगार कुदळी आणि साखळ्या घेऊन उभे राहिले, हटेनात, तेव्हा झोमोची स्पेशल प्लाटून पुढे आली. हे निवडलेले, पगारी, शस्त्रांचं वेगळं ट्रेनिंग घेतलेले लोक. नऊ कामगार मेले. याच प्लाटूनने आदल्या दिवशी यास्त्शेंब्येच्या खाणीत चार जणांना गोळ्या घालून जखमी केलं होतं, म्हणजे आपल्या हातून काय होतंय हे त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

प्रश्न: झोमो आणि ओर्मो एकच का?

नाही. ओर्मो म्हणजे मिलिशियाची हौशी, स्वयंसेवकांची राखीव फळी. मार्च १९६८ ला वॉर्सा विद्यापीठात पोरांना मारायला अशी साध्या कपड्यातली माणसं बसमधून आणली होती, आणि बसवर चक्क ‘सहल’ अशी पाटी.

प्रश्न: शिक्षा झाली का कुणाला?

झाली, पण कधी ते बघा. १९८९ मध्ये कम्युनिस्ट सत्ता गेली, झोमोही बरखास्त झाली, पुढच्या वर्षी मिलिशियाचे पोलीस झाले. वुयेकचा खटला १९९३ मध्ये उभा राहिला. दोनदा कुणालाच शिक्षा झाली नाही, खटला परत परत खालच्या कोर्टात, मेलेल्यांच्या बायका तारखांना येतायत, आणि तिसऱ्या फेरीत २००७ मध्ये प्लाटूनचा कमांडर आणि त्याच्या लोकांना कोर्टाने दोषी धरलं. पंचवीस वर्षं उलटून गेली होती.

वरच्यांचं काय हेही एकीने विचारलंय. गोळीबाराची मुभा देणारा गुप्त संदेश गृहमंत्री किश्चाक यांनी १३ डिसेंबरलाच पाठवला होता. त्यांच्यावरही वुयेकसाठी खटला चालला, वर्षानुवर्षं चालला, पण त्यात शेवटी शिक्षा टिकलीच नाही. २०१२ मध्ये मार्शल लॉच्या कटासाठी दोन वर्षं सुनावली तीही स्थगित, आणि २०१५ मध्ये ते वारले, एक दिवसही तुरुंगात न जाता. प्लाटूनवाल्यांना शिक्षा झाली ते योग्यच झालं, पण संदेश पाठवणारा सुटला हे मला आजही पटत नाही.