ख्रिस्ती शाळेत चौथीच्या मुलांना नक्की काय शिकवतात?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून पुण्याला बदली झालीय, मुलीला कॅम्पातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये चौथीत प्रवेश मिळतोय, आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत की तिथे बायबल शिकवतात, पोरगी हातची जाईल. मी पुण्यातल्या अशाच एका शाळेत निवृत्त होईपर्यंत चौथीच्या वर्गावर होते. स्वतः ख्रिस्ती आहे, माहेर नगर जिल्ह्यातलं. त्यामुळे हा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

शाळा राज्य मंडळाची असेल तर पुस्तकं बालभारतीचीच, फक्त इंग्रजीतली. गणितात भागाकार, अपूर्णांक, कोन, वर्तुळ. परिसर अभ्यासात अंडी-अळी-कोष-फुलपाखरू, पाणी, अन्न, नकाशा. आणि इतिहास म्हणजे वर्षभर शिवाजी महाराज. तुम्ही शिकलात तेच. शाहिस्तेखानाचा धडा झाला की आम्ही मुलांना लाल महालात न्यायचो. घरी कोकणी बोलणारी गोव्याकडची मुलं, भवानी पेठेतली मुसलमान मुलं, कर्वेनगरहून व्हॅनने येणाऱ्या मुली, सगळ्यांचा एकच प्रश्न: टीचर, खानाची बोटं नक्की कुठल्या खिडकीत तुटली? ख्रिस्ती शाळेत महाराज शिकवत नाहीत असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्या माणसानं चौथीचं पुस्तक उघडून पाहिलेलं नाही. शाळा आयसीएसईची असेल तर पुस्तकं वेगळी असतात, तिथे वर्षभर महाराज नसतात. पण त्याचं कारण बोर्ड, चर्च नव्हे. मराठी मात्र २०२० च्या कायद्याने सगळ्याच बोर्डांना सक्तीची आहे.

आता धर्माचं. सकाळी प्रार्थना असते, तीत बहुतेक ठिकाणी ‘हे स्वर्गातील पित्या’ इंग्रजीत म्हणतात. नाताळला गव्हाणीचा देखावा आणि कॅरोल्स. कॅथलिक मुलांना त्यांच्या धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो, त्या वेळात बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. संविधानाच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे की सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, ती मी सांगते. साधारण याच वयात कॅथलिक मुलांचं फर्स्ट होली कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी, होतं. ते चर्चमध्ये, शाळेत नाही. पण सोमवारी मैत्रीण पांढऱ्या झग्यातले फोटो वर्गात घेऊन येते आणि तुमची मुलगी घरी येऊन विचारते, मला का नाही? तेव्हा घाबरून शाळेत फोन करू नका. ते त्यांच्या घरचं, आपल्या घरी मुंज असते तसं, एवढं सांगितलं की चौथीच्या मुलीला पुरतं.

हे इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखं, चित्रं काढायची फार हौस. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी बायबलमधली दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वाटेत चोरांनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस, बाजूने निघून गेलेले दोन धर्ममार्तंड, आणि ज्याला सगळे परका समजत त्याने त्याला आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेणं, पदरचे पैसे भरणं. मुलांना चित्र काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा ती वही घेऊन थेट स्टाफरूममध्ये. टेबलावर वही आपटली, पान उघडलं. डोक्याला पट्टी बांधलेला माणूस गाढवावर, शेजारी दाढीवाला. “बाई, हे काय चाललंय? आमची मुलं बाटवायला ठेवलीत का?”

मी वहीचं एक पान मागे उलटलं. तिथेही गाढवच होतं. वाळवंटात आडवं पडलेलं, जीभ बाहेर, आणि एकनाथ महाराज खांद्यावरची कावड उतरवून रामेश्वराला न्यायचं पाणी त्याच्या तोंडात ओततायत. आदल्या आठवड्यात मी तीच गोष्ट सांगितली होती, कारण इतिहासात संतांचा धडा चालू होता. पोरीनं दोन्ही गाढवं एकाच राखाडी खडूनं रंगवली होती, कान तेवढे दुसऱ्याचे लांब झाले होते. मी आजोबांना म्हटलं, दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा आणि मला सांगा, कुठल्या पानावर तिचा धर्म गेला?

ते म्हणाले, “नाथांची गोष्ट तुम्ही दाखवण्यापुरती ठेवलीय.”

एवढं बोलून ते थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण पुढे म्हणाले, “आणि तुमचं मराठी चांगलं आहे हो, तुमच्या लोकांच्या मानाने.” आमच्या घरी रेव्हरंड टिळकांच्या कविता आजीला तोंडपाठ होत्या. त्याच कविता यांच्या नातवंडांच्या पाठ्यपुस्तकात येत आल्या आहेत. माझ्या लोकांचं मराठी! मी त्यांना जोतीरावांचं सांगितलं. याच पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. आजोबांचं उत्तर तयार होतं: “ते फुले होते. ही माझी नात आहे.” वर्ष संपल्यावर तिचा दाखला काढून नेला. मुलीनं शेवटच्या दिवशी मला काही दिलं नाही, बोलली नाही. आजोबांसमोर तिची हिंमत झाली नसावी.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते. ज्या घरात मुलीला रोज संध्याकाळी शुभंकरोति म्हणायला कोणी शेजारी बसत नाही, त्या घराने शाळेतल्या पाच मिनिटांच्या प्रार्थनेवर खापर फोडू नये. इंग्रजी हवं, शिस्त हवी, लग्नाच्या बायोडेटात कॉन्व्हेंटचं नाव हवं, आणि भिंतीवरचा क्रूस तेवढा नको, हे जमत नाही. ती शाळा कोणाच्या तरी श्रद्धेतून उभी राहिलीय. खुपत असेल तर घालू नका, पुण्यात चांगल्या शाळांना तोटा नाही. घातलंत तर दर नाताळला तिथे कुरकुर घेऊन जाऊ नका.

काळजीच करायची तर मराठीची करा. ती माझ्या शाळेनेही नीट केली नाही आणि त्यावरून मी प्रत्येक मीटिंगमध्ये भांडले. आठवड्यात मराठीचे तास कमी, शिकवायला जी टीचर मोकळी असेल ती. आठवी-नववीतली मराठी घरची मुलं एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत अडखळतात. फळवाल्यानं भाव सांगितला की आईच्या तोंडाकडे बघतात. हे बाटणं नव्हे का? त्यासाठी मात्र एकही आजोबा वही घेऊन स्टाफरूममध्ये आले नाहीत.

अर्थात मी माझ्या शाळेचं सांगतेय. पुण्यात ख्रिस्ती शाळा म्हणजे एक प्रकार नाही. जेझुइट फादरांच्या वेगळ्या, सिस्टरांच्या वेगळ्या, प्रॉटेस्टंट मिशनच्या वेगळ्या, आणि हल्ली संताचं नुसतं नाव लावलेल्या खासगी शाळाही आहेत ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही. काही ठिकाणी बायबलच्या गोष्टी जास्त होत असतील. प्रवेशाच्या वेळी प्रिन्सिपलना सरळ विचारा की धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो का, मूल्यशिक्षणाला कुठलं पुस्तक वापरता. सिस्टर लोक अशा प्रश्नाने चिडत नाहीत, आम्हाला त्याची सवय असते.

नाशिकला ती मराठी माध्यमात असेल तर मात्र चौथीला एकदम इंग्रजीत भागाकाराची शाब्दिक उदाहरणं तिला जड जातील. गणित येतं, वाक्य कळत नाही, असं होतं. एप्रिल-मे मध्ये तिच्याबरोबर बालभारतीचं इंग्रजी माध्यमाचं तिसरीचं गणिताचं पुस्तक काढून बसा. संकेतस्थळावर फुकट मिळतं.