सून नातवाला भेटू देत नसेल तर कोर्टात नेमकं काय मागावं?

मुलगा वारला, सून पाच वर्षांच्या नातवाला घेऊन माहेरी गेली, आता फोनही घेत नाही. कोर्टातून काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. होऊ शकतं. पण ताबा मागू नका, भेट मागा. इथेच बहुतेकांची चांगली केस बिघडते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 नुसार वडिलांच्या पश्चात आईच नैसर्गिक पालक. ती मुलाचं नीट करत असेल तर कोर्ट सहसा ताबा काढून घेत नाही. उलट ताब्याची नोटीस हातात पडली की सून धास्तावते आणि तासाभराच्या भेटीलाही आडवी येते.

आजी-आजोबांच्या भेटीसाठी आपल्याकडे वेगळं कलम नाही. अर्ज उभा राहतो तो मुलाच्या हितावर, तुमच्या हक्कावर नाही. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 7 मध्ये ताब्यासोबत भेटीचाही विषय येतो. नातू सध्या जिथे राहतो तिथल्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करा. ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. आपल्या गावी दाखल केला तर अधिकारक्षेत्राच्या वादातच महिने जातात. मूळ अर्जाबरोबर अंतरिम भेटीचा अर्जही त्याच दिवशी द्या, कारण मूळ अर्ज लवकर निकाली निघत नाही आणि तोवर मूल तुम्हाला विसरतं.

नातं सिद्ध करणारे दाखले लागतीलच. त्याहून वजनदार म्हणजे रोजच्या सहवासाचा पुरावा: शाळेच्या डायरीतली आजोबांची सही, लसीकरणाच्या वेळचे फोटो, आधीचे व्हिडिओ कॉल. दागिने, विम्याचे पैसे, मुलाच्या मृत्यूचा दोष यातलं अक्षरही या अर्जात नको. ते आलं की भांडण मालमत्तेचं दिसतं.

मागणी मोघम ठेवू नका. 'वाजवी भेट मिळावी' एवढाच आदेश झाला तर तो अमलात आणता येत नाही. वार, वेळ, जागा, ने-आण कोण करणार, सणाचे आणि सुट्टीचे दिवस, व्हिडिओ कॉल, सगळं लिहा. आणि टप्प्याने मागा. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका लहान मुलीचा ताबा वडिलांना दिला. आईच्या आजारपणापासून तिला सांभाळणाऱ्या आईकडच्या नातेवाइकांना मात्र भेट ठेवली. पहिले तीन महिने वडिलांच्या घरी सकाळी 8 ते संध्याकाळी 6, नंतर शनिवार-रविवारी तिथेच 10 ते 4, आणि मुलगी चार वर्षांची झाल्यावर शनिवार-रविवारी 11 ते 5 तिला बाहेर नेण्याची मुभा. तुमच्या बाबतीत सुरुवात सुनेच्या माहेरी किंवा कोर्टातल्या समुपदेशकासमोर एक-दोन तासांची मागा. कमी वाटेल, पण नाकारायला कारण उरत नाही.

समुपदेशनाची तारीख चुकवू नका. निम्मं काम तिथेच होतं. तडजोड झाली तर अटी लेखी करून कोर्टाच्या आदेशात घ्या. भेटीत मुलाला 'आई काय म्हणते?' असं विचारू नका, दिलेल्या वेळेला परत सोडा. भेट नाकारली तर दारात वाद न घालता तारीख, वेळ, मेसेज नोंदवून ठेवा आणि अंमलबजावणीसाठी दरखास्त करा.

आत्या, काका, मावशी यांनाही हाच रस्ता आहे, फक्त सहवासाचा पुरावा जास्त भक्कम लागतो. मुलगा हयात असून घटस्फोट चालू असेल, तर वेगळा अर्ज सहसा लागत नाही. त्याच्या भेटीच्या वेळेत आजी-आजोबा हजर राहतील, हे वाक्य संमतीच्या अटींमध्ये घालून घ्या.